शिकविणारीस शिकविताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही, असे मी म्हटले तर तुमच्यापैकी कित्येकजणी हसतील. अडतीस वर्षे हिने बोलण्याचाच पगार घेतला आणि आता ही म्हणते सवय नाही! परंतु वर्गात बोलणे निराळे आणि व्यासपीठावर बोलणे निराळे. वर्गात कोणी जांभई दिली तर त्याला उभे करून प्रश्न विचारता येतो. येथे ती सोय नाही. तेव्हा तुम्हीच थोडे सांभाळून घ्यावे.

गेल्या महिन्यात चिटणीसबाई घरी आल्या होत्या. आपल्या मंडळाच्या बालवाडीत या वर्षी दोन नव्या ताई आल्या आहेत, आणि त्यांना तयार करण्याचे काम आपल्या जुन्या ताईंकडे सोपविले आहे, हे तुम्हांला ठाऊक आहेच. चिटणीसबाई म्हणाल्या, "आमच्या ताई फार घाबरल्या आहेत हो. म्हणतात, मला मुलांना शिकविता येते, बायकांना शिकविता यायचे नाही. तुम्ही शिक्षिकेच्या शिक्षिकांच्या शिक्षिका झालात. त्यांना धीर येईल असे काही बोला." मी म्हटले, "धीर येईल की नाही ते सांगता येत नाही. मीही तशीच घाबरले होते, एवढे मात्र सांगेन." म्हणून आज माझी स्वतःचीच हकीगत सांगावयास उभी आहे. आत्मप्रौढीचा दोष येईल, अशी भीती होती. पण हकीगतीत प्रौढी मिरविण्यासारखे फारसे नाही, असे आठवू लागल्यावर ध्यानात आले आणि मन निश्चिंत झाले.

मी १९७६ साली प्राथमिक शाळेत लागले. त्या काळी मॅट्रिक होऊन दोन वर्षे डी.एड. केले की शिक्षिका होता येई. पुढे नोकरी आणि संसार सांभाळून, पहाटेच्या अभ्यासावर बी.ए., बी.एड., एम.ए. आणि एम.एड. अशा परीक्षा दिल्या. ही शिकण्याची हौस होती. मोठे पद मिळवावे असा विचार त्यात नव्हता. वीस वर्षे पहिली ते चौथीच्या मुलांत माझे दिवस फार सुखाचे गेले. तिसरीचा वर्ग म्हणजे तर माझे माहेर. साठ पोरांच्या कलकलाटात कोणाचे पोट दुखते आहे, कोणाच्या पाटीवर काल घरी काही झाले नाही आणि कोण खोटे रडतो आहे, हे मला मान वर न करता कळे. पालक म्हणत, "बाईंच्या हाताला गुण आहे." आणि खरे सांगावयाचे तर मलाही तसेच वाटे.

१९९६ साली अध्यापक विद्यालयात जागा निघाली आणि माझी नेमणूक झाली. नेमणुकीच्या पत्रावर शब्द होता 'अध्यापकाचार्य'. केवढा थोरला शब्द! घरी पेढे वाटले. सासूबाईंनी मात्र पेढा हातात धरून विचारले, "म्हणजे आता तुझ्या शाळेत पोरे नसणार?" मी म्हटले, "पोरे नाहीत, मोठ्या मुली असतील. त्या पुढे पोरांना शिकवतील." त्या म्हणाल्या, "पोरे नाहीत तर ती शाळा कसली?" त्या वेळी मी हसले. महिन्याभरात त्यांचे म्हणणे मला पुरते पटले.

पहिला फरक पडला तो नावात. वीस वर्षे मी 'बाई' होते. 'बाई' हा शब्द दिवसातून दोनशे वेळा ऐकण्याची कानांना सवय झालेली. बाई, ह्याने मला मारले. बाई, पाणी पिऊन येऊ? बाई, माझा दात पडला! विद्यालयात गेल्या दिवसापासून मी 'मॅडम' झाले. कोणी हाक मारली तर ती दुसऱ्याच कोणाला मारली आहे, असे वाटून मी मागे वळून पाही. बँकेत एक अर्ज भरताना 'व्यवसाय' या शब्दापुढे माझी लेखणी अडली. 'शिक्षिका' लिहावे तर ते आता खरे नाही. 'अध्यापकाचार्य' लिहावे तर ती कोण, हे मलाच ठाऊक नाही. शेवटी 'नोकरी' असे लिहून सुटका करून घेतली.

दुसरा फरक पडला तो बसण्याच्या जागेत. शिक्षिकेची जागा फळ्यापाशी. माझी जागा आता वर्गाच्या शेवटी, भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्चीत. मुली सरावपाठ घेणार आणि मी मांडीवर निरीक्षणवही घेऊन बसणार. तोंडाने काही बोलायचे नाही, हाताने फक्त लिहायचे. भगिनींनो, ज्या बाईने वीस वर्षे स्वयंपाक केला, तिला पंगतीच्या कडेला बसवून सांगा की, आमटी उतू जाताना नुसती बघ आणि वहीत लिहून ठेव. काय होईल तिचे? तेच माझे झाले.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सारे सांगत आहे, तो सांगते.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. आमच्या छात्राध्यापिकांत डोंगराकडच्या एका वाडीतून आलेली एक मुलगी होती. तिचे नाव मी सांगत नाही. बारावी होऊन आलेली, अबोल, अक्षर मोत्यासारखे. तिचा पाठ तिसरीच्या वर्गावर, हातच्याच्या वजाबाकीचा. फळ्यावर उदाहरण होते ५२ वजा २७. तिने रीत बरोबर सांगितली, पण मुलांची उत्तरे ३५ येऊ लागली. आपल्यापैकी ज्यांनी नातवंडांचा अभ्यास घेतला आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सरळ सातातून दोन वजा करते आणि पाच लिहून मोकळे होते. त्याच्या दृष्टीने ते चुकत नाही. मोठ्यातून लहान वजा करायचे, हेच तर आपण त्याला आजवर शिकविलेले असते!

मुलगी गोंधळली. तीच रीत तिने पुन्हा, जरा मोठ्या आवाजात सांगितली. पुन्हा पस्तीस. मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. मला राहवले नाही. मी उठले, पुढे गेले, तिच्या हातातला खडू घेतला आणि म्हटले, "थांब, मी दाखविते." टेबलावर काड्यांचे गठ्ठे होते. दहा-दहांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. सात काड्या मागितल्या. मुले म्हणाली, नाहीत. मग एका गठ्ठ्याचा दोरा सोडला. दोनाच्या बारा झाल्या, पाच गठ्ठ्यांचे चार राहिले. वर्गभर "हां!" असा आवाज उठला. पाच मिनिटांत सगळ्यांची उत्तरे पंचवीस. काय समाधान वाटले म्हणून सांगू! कित्येक महिन्यांनी मी पुन्हा 'बाई' झाले होते.

ती मुलगी फळ्याच्या कडेला उभी होती. तिच्याकडे मी पाहिलेसुद्धा नाही. संध्याकाळी तिच्या वहीत लाल शाईने लिहिले, "पूर्वतयारी अपुरी. पाठ पुन्हा घ्यावा."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वसतिगृहातल्या तिच्या सोबतिणीने चौथ्या दिवशी मला गाठून सांगितले की, ती गावी निघून गेली आहे. तिला डी.एड.ला पाठवावे असे घरी एकट्या आईचेच मत होते. चुलते म्हणत होते, उगाच पैसा घालवू नका, स्थळ आले आहे, उजवून टाका. मुलीने सोबतिणीला सांगितले होते, "आपल्याला हे जमायचे नाही. मॅडमनी सगळ्यांसमोर दाखवून दिले."

त्या रात्री मला झोप आली नाही. वर्गातल्या साठ मुलांना मी पंचवीस हे उत्तर दिले होते. पण ती मुलगी शिक्षिका झाली असती तर तीस-पस्तीस वर्षांत किती साठ मुले तिच्या हाताखालून गेली असती, हा हिशेब मला त्या दिवशी सुचला नव्हता. मी अजून जुन्याच वर्गातली बाई होते. माझे विद्यार्थी बदलले आहेत, आता ती मुलगी माझी विद्यार्थिनी आहे, हे माझ्या नेमणूकपत्राला कळले होते. मला कळले नव्हते.

रविवारी वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना सोबत घेऊन मी त्या वाडीला गेले. एस.टी. फाट्यावर सोडी, पुढे तासाभराची चढण. मुलगी दारात दिसली आणि आत पळाली. आईने बसायला घोंगडी टाकली, पाणी दिले आणि जेवल्याशिवाय सोडायचे नाही म्हणून चुलीपुढे बसली. मुलगी नाचणीच्या भाकरी थापू लागली. काय सुरेख हात फिरत होता तिचा! मी सहज म्हटले, "भाकरी फार छान करते हो." त्यावर आई म्हणाली, "आता करती, बाई. हिला थापाय शिकवली तवा पहिल्या धा-बारा भाकऱ्या म्हशीच्या म्होरं गेल्या. सासू वरडायची, पीठ नासतंय म्हनून. पन म्या काटवट काय हिच्या म्होरनं वढली न्हाई. वढली असती तर आज बी मीच थापत बसले असते."

लेकीने आईला सारे सांगितले होते आणि ती मला उद्देशून बोलली, की ते तिच्या सहज तोंडून गेले, हे मला आजतागायत कळलेले नाही. मी घास हातात धरून बसून राहिले. एम.एड.च्या ग्रंथांत जे मला सापडले नव्हते, ते त्या माउलीने चुलीपुढे बसून एका वाक्यात सांगितले.

निघताना मुलगी फाट्यापर्यंत पोचवायला आली. वाटेत मी तिला म्हटले, "त्या दिवशी माझे चुकले. पाठ तुझा होता." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, पोरांना कळले नाही हे तुम्हांला मागे बसून कसे कळले? मला तर पुढे उभी राहून कळत नव्हते." बाई म्हणाली ती, मॅडम नव्हे! मी उत्तर दिले, "कळते गं आपोआप. सवयीने." त्यावर ती म्हणाली, "आपोआप म्हणजे कसे? तेच तर मला शिकायचे आहे."

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपल्या घरी नवी सून विचारते, मीठ किती घालू? आपण म्हणतो, चवीपुरते. ती विचारते, पाक कधी उतरवू? आपण म्हणतो, झाला की कळतो. सुगरणीला स्वतःची विद्या हातात असते, तोंडात नसते. माझे तसेच होते. वीस वर्षांची विद्या बोटांच्या टोकांत होती, आणि माझे नवे काम ती शब्दांत आणून दुसरीच्या ओंजळीत घालण्याचे होते.

मुलगी परत आली. मी तिच्या वहीतली ती लाल ओळ खोडली आणि खाली लिहिले, "पाठ पूर्ण होऊ दिला नाही, हा दोष निरीक्षिकेचा." प्राचार्यांनी ते वाचून कपाळाला आठी घातली, पण सहीही केली.

त्यानंतर मी एक साधे काम सुरू केले. शंभर पानी वही घेतली आणि सरावशाळेतल्या तिसरीच्या बाईंना विनंती करून आठवड्यातून एक तास त्यांच्या वर्गावर शिकवू लागले. तास संपला की, मला काय आपोआप कळले आणि ते कशावरून कळले, हे लिहून काढू लागले. पहिल्या दिवशी दोनच ओळी झाल्या. हळूहळू पाने भरू लागली. ज्या मुलाला समजलेले नसते ते प्रश्न विचारीत नाही. ते पाटी पुसत राहते. सगळ्यांबरोबर उत्तर देताना त्याचा आवाज इतरांच्या क्षणभर मागून येतो. आधी नाव घेऊन मग प्रश्न विचारला तर उरलेला वर्ग सुस्तावतो. आधी प्रश्न, मग थोडे थांबणे, आणि मग नाव, असे केले तर साठही डोकी चालतात. चूक उत्तर आले की लगेच बरोबर उत्तर सांगू नये, "तू हे कसे काढलेस?" असे विचारावे, म्हणजे पस्तीस कोठून आले ते कळते. यातले कितीतरी मी वर्षानुवर्षे करीत होते. करते आहे हे मात्र मला माहीत नव्हते.

सूक्ष्म अध्यापनाच्या तासाला आम्ही सज्जता प्रवर्तन, प्रबलन, फलकलेखन असे मोठमोठे शब्द शिकवीत असू. तोवर ते शब्द मला परीक्षेपुरते वाटत. माझी वही भरू लागल्यावर त्यांतल्या काही शब्दांच्या पोटात माझेच जुने अनुभव बसलेले दिसले. काहींच्या पोटात काहीच दिसले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

पुढच्या वर्षी मी आणखी एक धाडस केले. छात्राध्यापिकांना मागे बसविले, मी स्वतः पाठ घेतला आणि त्यांना म्हटले, "आज निरीक्षणवही तुमच्या हाती. दोष काढा." भगिनींनो, पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशीही माझे पाय इतके कापले नव्हते. पाठ झाल्यावर सगळ्या गप्प. शेवटी एकजण भीत भीत उठली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही खिडकीकडच्या रांगेतल्या मुलांना एकही प्रश्न विचारला नाही." मला खरे वाटेना. पण तिने मांडून दाखविले. एकवीस वर्षे मी त्याच बाजूला पाठ करून उभी राहत आले असणार! माझ्या हाताला गुण आहे म्हणणाऱ्यांनी खिडकीकडच्या मुलांना कधी विचारले नसावे. तो दिवस मला फार लागला. पण त्या दिवसापासून मुली माझ्याशी मोकळेपणाने बोलू लागल्या.

हे सारे इतके सोपे नव्हते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मला पुन्हा शाळेत घ्यावे, असा अर्ज मी लिहून ठेवला होता. कपाटातल्या कागदाखाली तो कित्येक महिने होता. शाळेची मधल्या सुटीची घंटा लांबून ऐकू आली की जीव कासावीस होई. तो अर्ज मी कधी दिला नाही, फाडलाही नाही. पुढे घर रंगविताना सापडला, तेव्हा त्यात काय लिहिले होते ते वाचून नवलच वाटले. मध्यंतरी केव्हातरी मन वळले होते. कोणत्या दिवशी, ते सांगता येणार नाही.

निवृत्त झाल्यावर या विषयावर थोडे वाचन झाले. १९७५ साली डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने शिक्षकांवर एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, शिक्षक होऊ इच्छिणारा माणूस आधी बालपणापासून वर्षानुवर्षे बाकावर बसून शिक्षकांना पाहत आलेला असतो. ही एक प्रकारची उमेदवारीच. पण ती फक्त पाहण्याची. शिक्षक काय करतो ते दिसते, का करतो ते दिसत नाही. माझ्या विद्यार्थिनीने वजाबाकीची रीत अशीच पाहिलेली होती आणि मी खडू हिसकावून तिला आणखी एकदा पाहावयास लावले, एवढेच!

आणि २००५ साली जीन मरे व ट्रेव्हर मेल या दोघांनी इंग्लंडातील अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेतून शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामावर आलेल्या २८ जणांच्या पहिल्या तीन वर्षांचा तो अभ्यास. हे सगळे शाळेत नावाजलेले शिक्षक. तरीही त्यांतल्या बहुतेकांना नव्या कामात 'हे माझे काम, ही मी' असे वाटावयास दोन ते तीन वर्षे लागली. हे वाचले तेव्हा मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. कपाटातला तो अर्ज एकट्या माझा नव्हता. साता समुद्रापलीकडच्या मास्तरांच्या आणि बाईंच्या मनातही तसेच अर्ज होते.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर अनुताई वाघांचे घ्यावे. बालपणीच वैधव्य आलेल्या या बाईंनी आधी नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे आणि मग पुण्यास हुजूरपागेत शिक्षिका म्हणून अनेक वर्षे काम केले. १९४५ साली त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली आणि त्या बोर्डीस गेल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शहरातल्या शाळेची विद्या वारली मुलांपुढे जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात गेली, गुरे राखायच्या कुरणात गेली. अनुताई आधी स्वतः पुन्हा शिकल्या आणि मग त्याच टेकडीवर त्यांनी बालसेविका तयार केल्या. आपण आज सहज 'अंगणवाडी' म्हणतो, तो शब्द त्या दोघींच्या कामातून आलेला आहे. एकीने किती मुले शिकविली याची मोजदाद होईल. पण तिने तयार केलेल्या बालसेविकांच्या हाताखालून किती गेली, ती कशी मोजावी?

आमच्या राज्यात या कामाचे मोल नेहमी ओळखले गेले असे नाही. २००० सालानंतर डी.एड.ची विद्यालये भराभर निघाली आणि नोकऱ्या आटल्यावर कित्येक बंदही पडली. या विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २०१२ साली आला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तर २०३० पर्यंत शिक्षक होण्यासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी हवी असे म्हटले आहे. नियम बदलतात, अभ्यासक्रमाची नावे बदलतात. बदलू देत. पण शिकविणारीची शिकविणारी कोणत्याही कायद्याने एका दिवसात होत नाही. तिला आधी आपला खडू खाली ठेवावा लागतो, आणि तो ठेवताना हात रिकामा झाल्याचे दुःख सोसावे लागते.

आता त्या मुलीचे काय झाले, हे सांगून संपविते. ती चांगल्या गुणांनी पास झाली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. लग्न झाले, पण नोकरी लागल्यानंतर आणि तिच्या पसंतीने. माझ्या निवृत्तीनंतर एकदा तिच्या शाळेवर जाण्याचा योग आला. त्या वेळी तिच्या हाताखाली एक नवी शिक्षिका होती आणि वर्ग ती नवी मुलगीच घेत होती. पाठ काही केल्या रंगत नव्हता. मुले चुळबुळत होती. माझे हात शिवशिवू लागले, हे कबूल करते. खोड मेल्यावाचून जात नाही! मी तिच्याकडे पाहिले. ती शेवटच्या बाकावर, दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतवून बसली होती. ओठ घट्ट मिटलेले. उठली नाही.

पाठ तसाच संपला. मुले मधल्या सुटीला धावली. तेव्हा ती त्या नव्या मुलीजवळ गेली आणि म्हणाली, "कोणाला कळले नाही असे तुला वाटते? आणि कशावरून?"

आपल्या बालवाडीच्या ताईंना मला एवढेच सांगावयाचे आहे. ताई, पहिली दोन वर्षे तुम्हांला चुकल्याचुकल्यासारखे होईल. मुले नव्या ताईंना बिलगतील आणि तुम्हांला वाईट वाटेल. नव्या ताईंचे गाणे बेसूर होईल, गोष्ट मधेच तुटेल, आणि तुमचे हात पुढे जाऊ पाहतील. ते मांडीवर ठेवा. नंतर त्यांच्याशी बोला, आणि 'आपोआप कळते' असे सांगून त्यांची बोळवण करू नका. आणि मंडळाच्या भगिनींना माझी विनंती आहे की, त्या दोन वर्षांत बालवाडीत चार गोष्टी बिघडल्या तर ताईंना बोल लावू नये. पहिल्या दहा-बारा भाकऱ्या वाया जावयाच्याच.

परवा पुन्हा बँकेत एक अर्ज भरावा लागला. 'व्यवसाय' या शब्दापुढे या वेळी लेखणी अडली नाही. मी 'शिक्षिका, निवृत्त' असे लिहिले. मधले सगळे त्या एका शब्दात मावते, असे आता मला वाटते.